घर विकून जग फिरायला निघावं का?

पत्राचा गोषवारा : वय ४६, अनुदानित शाळेत २००२ पासून शिक्षिका. पती ४९ वर्षांचे, एका कंपनीचं काम घरून करतात. मुलगी शिक्षणासाठी बंगळूरला, सासूबाई साताऱ्याला धाकट्या दिरांकडे. गेल्या वर्षी पतींचा जवळचा मित्र हृदयविकाराने अचानक गेला. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतलाय : फ्लॅट विकायचा, दोघांनी नोकऱ्या सोडायच्या आणि सलग दोन वर्षं जगभर फिरायचं. आधी आग्नेय आशिया, मग जॉर्जिया, तुर्की, युरोप आणि शेवटी दक्षिण अमेरिका. ‘आता नाही तर कधीच नाही,’ असं ते म्हणतात. चाचणी म्हणून दोघं उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे व्हिएतनामला जाऊन आले. अकरा गावं झाली आणि भांडणंही पुष्कळ झाली. वाचक विचारतात, ‘मला फिरायला आवडतं, पण हे झेपेल असं वाटत नाही. मी घाबरट आहे का? माझ्यामुळे त्यांचं स्वप्न राहून गेलं तर?’

तुम्ही स्वतःला घाबरट म्हणवून घेताय, पण पत्रात त्याचा पुरावा मला कुठे सापडला नाही. एक वाक्य मात्र सापडलं, आणि ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. व्हिएतनाममध्ये दा लातला पावसामुळे पाच दिवस अडकून पडलात, आणि ‘तेवढेच दिवस आम्ही भांडलो नाही.’ त्या पाच दिवसांत काय केलंत तेही तुम्ही सांगितलंय. बाजारातून भाजी आणलीत, मालकिणीच्या स्वयंपाकघरात खिचडी केलीत, दुपारी झोपलात, आणि संध्याकाळी छत्री घेऊन तळ्याभोवती चाललात. प्रवास तुम्हाला झेपत नाही असं मला या वर्णनावरून मुळीच वाटत नाही. झेपला नाही तो वेग.

सहा आठवड्यांत अकरा गावं, म्हणजे दर चार दिवसांनी बॅग भरायची. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायच्या, वरच्या बर्थवर चढायचं, पहाटे साडेचारला अनोळखी गावात उतरायचं आणि खोली दुपारी दोनला मिळणार म्हणून तोवर सामान राखत बसायचं. दहा दिवसांच्या सहलीत हे सगळं चालतं, कारण घरी आल्यावर झोप भरून काढता येते. दोन वर्षं असं कोणीच करू शकत नाही, तुमचे पतीही नाहीत. व्हिएतनामची चाचणी मी नापास धरणार नाही. तिने तुम्हाला नेमकं काय जमतं आणि काय जमत नाही ते दाखवलं, आणि चाचणी त्यासाठीच असते.

दीर्घ प्रवासाबद्दल लोकांची एक समजूत असते, आणि तुमच्या दोघांच्याही मनात ती आहे असं मला वाटतं. रोजचं घर मागे टाकून आपण मोकळे होतो, अशी ती समजूत. प्रत्यक्षात घर मागे राहतं, घरकाम बरोबर येतं. गुंथर होल्टोर्फ आणि त्यांची पत्नी क्रिस्टिन या जर्मन जोडप्याने जवळजवळ वीस वर्षं एका मर्सिडीज जीपमधून जग पालथं घातलं. क्रिस्टिन २०१० मध्ये गेल्या, गुंथर पुढे २०१४ पर्यंत फिरत राहिले, आणि ती गाडी जवळजवळ नऊ लाख किलोमीटर धावली. त्यांच्याबद्दल वाचताना मला देशांच्या आकड्यापेक्षा त्यांची राहणी जास्त बोलकी वाटते. झोपायचं गाडीतच, मागच्या गादीवर. स्वयंपाक स्वतःचा. हॉटेलांचा मोह नाही. त्यांनी चार चाकांवर एक घर चालवलं, आणि इतकी वर्षं टिकलं ते घर.

मग तुमच्या घरातला प्रश्न असा, की हे फिरतं घर चालवणार कोण? तुमच्या पत्रावरून व्हिएतनाममध्ये मार्ग त्यांनी आखला, तिकिटं त्यांनी काढली, खोल्या त्यांनी ठरवल्या. कपडे धुणं-वाळवणं, औषधं, शाकाहारी जेवण कुठे मिळेल याची शोधाशोध, मुलीला आणि साताऱ्याला फोन, हे सगळं तुमच्याकडे आलं. असं कोणी ठरवलं नव्हतं, घरी जसं होतं तसंच ते तिकडेही झालं. फरक इतकाच की घरी तुमच्याकडे शाळा असते, मैत्रिणी असतात, स्वतःचे चार तास असतात. तिकडे ते नव्हते. आणि कुठे जायचं, कधी निघायचं हेही तुमच्या हातात नव्हतं. अशा वेळी माणूस चिडतो. याला घाबरणं म्हणू नका.

याच्यावर मला ठाऊक असलेले उपाय साधे आहेत. एकेका गावाचा कारभार आलटून पालटून घ्या. हे गाव तुमचं, तर मुक्काम किती, काय बघायचं, काय सोडायचं, सगळं तुम्ही ठरवायचं, आणि त्या गावात कपडे आणि जेवण त्यांच्याकडे. पुढच्या गावात उलट. दुसरं, आठवड्यातला एक दिवस दोघांनी वेगवेगळा काढायचा, आणि त्यासाठी भांडण व्हायची वाट बघायची नाही. चोवीस तास एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहायची सवय आपल्याकडच्या नवरा-बायकोंना असतेच कुठे? लग्नाला वीस वर्षं झालेली असतात, पण जागेपणी सलग एकत्र काढलेला वेळ फार थोडा असतो.

आम्ही दोघं जॉर्जियात तिबिलिसीला एक महिना खोली घेऊन राहिलो होतो. खाली गल्लीत तळघरवजा बेकरी होती. तिथे मातीच्या खोल भट्टीत, तिला ते तोने म्हणतात, होडीसारखा लांबट पाव आतल्या भिंतीला थापून भाजतात. तो शोती. पहिले काही दिवस मी हातवारे करून मागायचे आणि सुटे पैसे मोजत उभी राहायचे. पुढे पुढे त्या बाई मला पायऱ्यांवर बघितलं की दोन बोटं वर करायच्या, मी मान डोलवली की दोन गरम शोती कागदात गुंडाळून हातात. माझे पती त्या वेळेला म्तात्समिंदाच्या डोंगरावर चालायला गेलेले असायचे. दुपारी भेटल्यावर आमच्याकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. हे सगळं एका गावात महिनाभर राहिलं तरच होतं. शिवाय महिन्याच्या भाड्याने घेतलेली खोली रोजच्या दराच्या हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त पडते, आणि स्वयंपाकघर असलं की शाकाहाराची निम्मी चिंता मिटते.

आता ‘सलग दोन वर्षं’ या कल्पनेकडे येते. तिला तुमचा विरोध बाजूला ठेवला तरी आपला पासपोर्टच आडवा येतो. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आपल्याला कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांच्या आतच करता येतो, आणि तो साधारणपणे आपण जिथले रहिवासी आहोत तिथूनच करावा लागतो. म्हणजे आग्नेय आशियातून सुरुवात केलेलं भारतीय जोडपं चौदाव्या महिन्यात तुर्कीतून ‘आता युरोप’ म्हणू शकत नाही. व्हिसासाठी त्याला बहुतेक घरीच यावं लागतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, मलेशियात अलीकडे आपल्याला ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. होल्टोर्फ दांपत्याच्या जर्मन पासपोर्टला जी दारं आपोआप उघडतात ती आपल्याला एकेक करून उघडावी लागतात.

पण यातच एक सोय आहे. २०२४ च्या एप्रिलपासून युरोपने भारतीयांसाठी नवी पद्धत आणली : आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरलेले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आपल्याला बहुतेक वेळा दहा वर्षांचा मिळतो, आणि तो वैध असला की मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. म्हणजे जो जातो, परत येतो, पुन्हा जातो, त्याला पुढची वाट सोपी होत जाते. तुमच्या पतींना हे मुद्दाम दाखवा. तीन-चार महिन्यांची एक खेप, दीड-दोन महिने घरी, मग पुढची खेप. दोन वर्षांचा आराखडा असा केला तर त्यांचा जवळजवळ सगळा नकाशा त्यात बसतो, आणि तुम्हाला मुलगी दिसते, सासूबाई दिसतात, दातांच्या डॉक्टरकडे जाता येतं. (नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर खात्री करा, कोणाच्या व्हिडिओवर विसंबू नका.) दक्षिण अमेरिकेच्या खेपेला पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरू नका. ब्राझील, पेरू, बोलिव्हियासारख्या देशांतून परतताना आपल्या विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात, ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, आणि नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं.

‘मी लॅपटॉप घेऊन तिथून काम करीन’ असंही ते म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. ठीक आहे, पण कंपनीची लेखी परवानगी आहे का? पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर काम करायला मनाई असते. थायलंडने २०२४ मध्ये अशा लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला, पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवसांचा, पण त्यासाठी खात्यावर पाच लाख बाथ दाखवावे लागतात. असे मार्ग आहेत. फक्त ते निघायच्या आधी बघायचे असतात.

तुमच्या नोकरीबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण ही चूक एकदा झाली की दुरुस्त होत नाही. राजीनामा देऊ नका. निदान इतक्यात तरी नको. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी अनुदानित पदावर लागलात, म्हणजे तुम्हाला जुनी पेन्शन लागू असणार. राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी धरली जात नाही. वीस वर्षांच्या अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या, सेवेनंतर घेतलेल्या स्वेच्छानिवृत्तीचं तसं नाही. एका अर्जावरच्या एका शब्दाने आयुष्यभराचं पेन्शन जाऊ शकतं. त्याआधी बिनपगारी असाधारण रजा किती मिळू शकते ते बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून ती मिळाली तर पहिली खेप नोकरी न सोडताच होईल. सेवापुस्तकाची प्रत काढा, वेतन पथक कार्यालयात जाऊन लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी घ्या.

फ्लॅट विकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. विकून आलेली रक्कम खात्यात दिसली की ती खर्चायला आहे असं वाटू लागतं, आणि परतल्यावर त्याच शहरात तसं घर त्या पैशांत मिळेल याची खात्री कोण देणार? तुम्ही नसाल तेवढ्या महिन्यांपुरता तो लिव्ह अँड लायसन्सवर द्या. करार नोंदवून घ्या, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, आणि भाडेकरूची पोलीस पडताळणीही करून घ्या. एक खोली कुलूपबंद ठेवून सामान त्यात ठेवता आलं तर उत्तमच. दिरांच्या किंवा विश्वासातल्या कोणाच्या नावाने ठरावीक कामांपुरतं मुखत्यारपत्र करा, सरसकट नको. येणारं भाडं आग्नेय आशियातल्या महिन्याच्या खर्चाचा चांगला भाग उचलू शकतं.

मेडिक्लेम चालू ठेवा. ‘आपण इथे नसणारच, मग हप्ता कशाला’ म्हणून पुष्कळ जण तो सोडतात. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पॉलिसी खंडित झाली आणि नव्याने घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. प्रवासाचा विमा वेगळा घ्यायचाच. वार्षिक पॉलिसी दिसायला वर्षाची असली तरी एकेका खेपेला तिच्यात दिवसांची मर्यादा असते, ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. आणि दोघांची बँक खाती, दोघांची कार्डं वेगवेगळी असू द्या. दोघांचेही भारतातले सिम चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावर येतो, आणि नव्वद दिवस न वापरलेलं सिम बंद पडू शकतं. परदेशात एकाचं कार्ड अडकलं आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, अशी वेळ आली की जो हात पसरतो त्याला फार लहान झाल्यासारखं वाटतं. तुमच्या खात्यात परतीच्या तिकिटाचे पैसे कायम असावेत. ते वापरायला कारण सांगावं लागू नये, हे दोघांनी आधीच कबूल करायचं.

सासूबाईंबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, आणि एक गोष्ट मला खटकली. त्यांना अजून कोणी काही विचारलेलंच नाही. दिरांशी तुमचे पती फोनवर बोलले, ते ‘जा की’ म्हणाले. पण रोजचं पथ्यपाणी, दवाखाना, रात्री उठणं हे जाऊबाई करतात ना? मग बोलणं त्यांच्याशी व्हायला हवं, समोर बसून. एक बाई ठेवायची झाली तर तिचा पगार तुम्ही द्याल का, वर्षातून आईंना चार आठ दिवस तुमच्याकडे आणाल का, काही झालंच तर कोण किती तासांत पोहोचेल, हे साताऱ्यात बसून ठरवा. आणि हे बोलणं तुमच्या पतींनी करायचंय. आई त्यांची आहे. ही काळजी तुम्ही एकटीने वाहताय, आणि नंतर तीच ‘तुला यायचंच नव्हतं’ म्हणून तुमच्या नावावर मांडली जाण्याची मला भीती वाटते.

राहता राहिलं त्यांचं ‘आता नाही तर कधीच नाही.’ यावर वाद घालू नका. मित्राला खांदा देऊन आलेला माणूस आहे तो. त्यांच्या यादीत इतके देश का आहेत, घर विकायची इतकी घाई का आहे, याचं उत्तर तिथेच असावं. एखाद्या संध्याकाळी नकाशा बाजूला ठेवून त्यांना मित्राबद्दल विचारा. शेवटचं बोलणं काय झालं होतं, दोघांनी मिळून कुठे जायचं ठरवलं होतं का. ते बोलले तर ऐकून घ्या, आणि तपासणी करून घेतली का तेही विचारा. हृदयाची तपासणी त्यांनी अजून टाळली असेल तर कुठल्याही व्हिसाच्या आधी ती.

आणि त्यांना कोचीच्या विजयन आणि मोहना यांची गोष्ट सांगा. श्री बालाजी कॉफी हाऊस नावाचं छोटं हॉटेल दोघं चालवायचे. रोजच्या गल्ल्यातून थोडे पैसे बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचं, एक प्रवास करून यायचा, परत येऊन चहा विकत कर्ज फेडायचं, की पुढच्या प्रवासाची तयारी. असे ते सव्वीस देश फिरले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये रशिया बघून आले आणि नोव्हेंबरमध्ये विजयन गेले. आयुष्य कधी संपेल याची खात्री त्यांनाही नव्हती. तरी त्यांनी दुकान विकलं नाही. दरवेळी परत यायला ते होतं, म्हणून दरवेळी निघता आलं.

तर आता करायचं काय? रजेचं उत्तर येईतो पासपोर्ट काढून बघा, मुदत आणि कोरी पानं. तीन महिन्यांची पहिली खेप आखा, तीन देश नव्हे, तीन गावं, प्रत्येकी साधारण एक महिना. घर भाड्याने, नोकरी रजेवर. परत आल्यावर दोन महिने थांबून मगच पुढचं ठरवायचं, असं आधीच ठरवून टाका. त्यांना तीन महिने कमी वाटले आणि ते थांबायला तयार नसले, तर त्यांनी एकट्याने आधी निघायलाही हरकत नाही. एक महिना ते पुढे जातील, शाळेला सुट्टी लागली की तुम्ही त्यांना जाऊन मिळाल. नातेवाईक विचारतील, ‘एकटेच गेले?’ विचारू देत. वीस वर्षांच्या संसाराला एक महिन्याच्या अंतराने काही होत नाही. आणि तीन गावांपैकी पहिलं गाव तुम्ही निवडायचं, हे मात्र आत्ताच सांगून ठेवा.